केळीला बी येईल तेव्हा

केळीला बी नसतं, हे सांगायला शाळा लागत नाही. मी चौथीत शाळा सोडली आणि बापाच्या मागं कंद उचलायला लागलो. रावेरच्या बाजूला आमची बाग. केळी कंदापासून होते, बुंध्याशी फुटणाऱ्या पिलापासून होते, आता पिशवीतून रोपं येतात त्यांच्यापासून होते. बियापासून होत नाही. म्हणून आमच्याकडं एखादी गोष्ट जन्मात व्हायची नसेल तर माणसं म्हणतात, केळीला बी येईल तेव्हा होईल. भांडलेल्या भावकीचा समेट कधी? केळीला बी येईल तेव्हा.

हेच वाक्य मी नऊ वर्षांपूर्वी माझ्या मुलीला बोललो.

ती शिकायला पुण्याला गेली तेव्हा मी आडवा आलो नाही. शिकून आली आणि ओट्यावर चार माणसं बसलेली असताना म्हणाली, “नाना, मला काम मिळालं. अंदमानला. वटवाघळांचा अभ्यास करायचा.”

मला वाटलं थट्टा करते. वटवाघूळ म्हणजे आमच्याकडं पडक्या देवळात असतं, आणि वास येतो म्हणून बायाबापड्या तिथून नाकाला पदर लावून जातात.

“मंग आता तू पण उलटी टांगून घेशील का?” मी म्हणालो.

ओट्यावरचे चौघं हसले. ते हसले नसते तर कदाचित पुढचं मी बोललो नसतो. माणसं हसली की मला चढतं, हा माझा जुना दोष आहे.

ती म्हणाली, “हसा. पण एकदा येऊन बघा, मी काय काम करते, कुठं राहते.”

“केळीले बी येईल ना, तवा येईन तुह्या घरी. तोवर तुह्या उंबऱ्याले पाय लावणार नाही.”

पोर माझीच. रडली नाही. चौघांसमोरच म्हणाली, “ठीक आहे नाना. मग तोवर मीही केळं तोंडात घालणार नाही.”

माझी बायको धुळ्याकडची. आत पोळ्या लाटत होती, तिथूनच म्हणाली, “जसा कंद तसं पील.”

नऊ वर्षं पोर दिवाळीला यायची, हसायची, बोलायची, माझ्या पाया पडायची. पण केळं खाल्लं नाही. शिकरणाची वाटी जशीच्या तशी आत जायची. सत्यनारायणाच्या प्रसादात केळं असतं, तर तिनं प्रसाद हातावर घेऊन डोळ्यांना लावला आणि आईच्या ताटात सरकवला. ज्या बागेच्या केळीवर ती लहानाची मोठी झाली तिच्यातलं एक फळ तिच्या ओठाला लागत नव्हतं, आणि मी समोर बसून बघायचो. तिची आई दोनदा अंदमानला जाऊन आली. मी गेलो नाही. शब्द दिला होता.

मग गेल्या हिवाळ्यात बायकोच्या मोबाइलवर तिचा फोटो आला. तळहातावर फोडलेलं एक बुटकं केळं, आणि त्यात काळ्या काळ्या बिया खच्चून भरलेल्या. खाली दोनच शब्द होते. “नाना, बी.”

मी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. म्हणालो, “कर्दळीचं बी आहे. केळ्यात कोंबलं असेल.”

“पोर खोटं नई बोलस,” बायको म्हणाली.

“फोटोत काय, माणूस चंद्रावर बसवता येतो.”

“मंग जाई या. डोळासनी देखी या. तुमना शब्द शे ना?”

शब्दावर आणलं की मी उठतो, हे तिला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. मुलानं भुसावळहून चेन्नईचं गाडीचं तिकीट काढलं आणि तिथून पुढचं विमानाचं. बायकोनं दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या बांधून दिल्या, त्या आठ-आठ दिवस टिकतात. आणि मी बागेत जाऊन एका घडाची चांगली फणी कापून घेतली. हिरवी, कडक, आठवड्यानं पिकेल अशा बेतानं. पोरीच्या रानातलं ते बुटकं केळं आणि माझं केळं शेजारी-शेजारी ठेवून मला तिला दाखवायचं होतं की केळं कशाला म्हणतात. खरं सांगतो, मी तिला खोटं पाडायला निघालो होतो.

पोर्ट ब्लेअरला ती न्यायला आली होती. उन्हानं रापली होती, केसात एक-दोन पांढरे दिसत होते. ते दिवाळीत दिसले नव्हते, की मी पाहिले नव्हते, कोण जाणे.

“घर वाटेतच आहे. चहा तरी घ्या.”

“बी पाह्यल्याशिवाय नाही.”

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “म्हणून होडी आजचीच ठरवली.”

रिक्षा तिच्या घरापुढं थांबली, तिला पिशवी घ्यायची होती. मी रिक्षातच बसलो. लहान घर, निळं दार, पुढं पत्र्याचा व्हरांडा. दाराशी चपलांचा एकच जोड होता. मी तिकडं पाहिलं आणि मग रस्त्याकडं पाहत राहिलो.

धक्क्यावर जी होडी उभी होती तिला ती यॉट म्हणाली. पांढरी, तीन बैलगाड्या ओळीनं लावल्या तर होईल एवढी लांब, आणि मध्ये एक खांब. आमच्याकडं खांब म्हणजे केळीचं खोड. हा खांब मान दुखेपर्यंत वर गेलेला, त्याला शिडं बांधायची. होडीचा मालक नौदलातून निवृत्त झालेला, पांढऱ्या दाढीचा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. अभ्यासाची माणसं बेटांवर न्यायची-आणायची हे त्याचं काम. सगळे त्याला कप्तान म्हणत. त्यानं मला हात दिला आणि माझ्या दुसऱ्या हातातली फणी पाहून हात परत घेतला.

“चाचाजी, केला बोट पे नहीं आएगा.”

“क्यूं?”

“अपशकुन है. दुनिया के सब दर्यावाले मानते हैं. केला चढा तो हवा रूठती है.”

मी सगळा राग हिंदीत काढला. रावेरला उत्तरेकडच्या ट्रकवाल्यांशी बोलून बोलून माझी हिंदी बरी आहे. “हमारे यहां केले का खांब लगे बिना मंडप नहीं लगता. सत्यनारायण को केला चढता है. भगवान को चलता है और तुम्हारी हवा को नहीं चलता?”

“भगवान की बोट अलग है चाचाजी,” तो म्हणाला. “ये मेरी है.”

मी धक्क्यावरच बसलो. म्हणालो, केळी जाणार नाहीत तर मीही जाणार नाही. कप्तान दोऱ्या गुंडाळत राहिला. अर्धा तास झाला असेल. पोर शेजारी येऊन बसली.

“नाना, शकुन-अपशकुन सोडा. त्या बेटावर बाहेरचं फळ न्यायला तशीही बंदी आहे, वनखात्याच्या परवानगीतच लिहिलंय. आणि असं बघा, केळी इथं राहिली तर तुमचा शब्द मोडत नाही. तुम्ही राहिलात तर मोडतो.”

हे खरं होतं. मी फणी तिच्या हातात दिली. ती त्याच रिक्षानं परत गेली आणि व्हरांड्यात टांगून आली. म्हणजे माझ्या आधी माझी केळी तिच्या घरी जाऊन पोचली. हे मला होडीत चढल्यावर सुचलं, आणि बरं वाटलं की वाईट, ते काही ठरवता आलं नाही.

बंदरातून बाहेर पडेपर्यंत इंजिन चालू होतं. माझ्या कानाला इंजिन म्हणजे पाण्याची मोटर, त्यामुळं तोवर ओळखीचं वाटलं. मग कप्तानानं ते बंद केलं आणि दोघांनी मिळून शीड वर ओढलं. माझी पोर दोरी ओढते आहे, पाय रोवून, दंडाच्या शिरा ताणून, आणि कापड फडफडत वर चाललं आहे. मग एकदम ते भरलं. आवाज बंद झाला. होडी एका अंगावर कलली आणि चालायला लागली.

मी केळीवाला माणूस. वारा आमचा वैरी. चैत्र-वैशाखात एखाद्या दुपारी तापीकडून पिवळं आभाळ उठतं, आणि पाव तासात, कापणीला आलेली बाग, घडांसकट, मातीवर आडवी होते. मी अशी बाग तीनदा पाहिली आहे. वारा सुटला की आजही माझे हात आपोआप कशाला तरी धरतात. आणि इथं हा दाढीवाला माणूस आभाळाकडं बघून म्हणत होता, थोडी और हवा दे दे मालिक. ज्याला मी आडवा पाडणारा म्हणून ओळखत होतो, तो वारा इथं बैलासारखा जुंपला होता आणि एवढी मोठी होडी न बोलता ओढत होता. मी शिडाच्या दोरीला हात लावून पाहिला. ती थरथरत होती, नांगराची मूठ थरथरते तशी. मी हात काढलाच नाही. कप्तान पाहून हसला आणि माझा हात तिथंच राहू दिला. त्या वेळी मला तो माणूस आवडला.

पाणी म्हणजे मी तापीचा पूर पाहिला आहे, हतनूर धरणाचा फुगवटा पाहिला आहे. त्यांना पलीकडचा काठ असतो. इथं चारी बाजूंनी काठच नाही. आधी हिरवं, मग निळं, मग असं काळपट निळं की त्यात हात घातला तर रंग लागेल असं वाटावं. दुपारी होडीच्या पुढून चांदीच्या मुठी उधळल्यासारखे मासे उडाले. उडाले म्हणजे खरंच उडाले, पंख पसरून, पाण्यावरून पाखरांसारखे गेले आणि लांब जाऊन बुडाले. त्यातला एक होडीतच पडला. मी त्याला ओंजळीत घेतलं. त्याच्या पंखातून माझी बोटं दिसत होती. मासा, आणि त्याला पंख. मी त्याला परत सोडला आणि कितीतरी वेळ ओली ओंजळ तशीच धरून बसलो.

“नाना, काय झालं?” पोर म्हणाली.

“काही नाही. मासा होता,” मी म्हणालो. मला मळमळत होतं, तेही मी सांगितलं नाही. एकदा उलटी झाली, पण कप्तानाची पाठ होती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीचा वास आधी आला, जमीन नंतर दिसली. ओला पाला, कुजलेलं लाकूड आणि कसलं तरी गोड फूल, असा तो वास समुद्रावर येऊन उभा राहिला होता. मग धुक्यातून डोंगर वर आला. आमचा सातपुडा उन्हाळ्यात हाडं काढतो. या डोंगराला हाड कुठं दिसतच नव्हतं. पाण्यापासून शेंड्यापर्यंत झाड, झाडावर वेल, वेलीवर आणखी झाड. वरून पांढऱ्या पारव्यांचा थवा गेला, पंखांच्या कडा काळ्या. एक समुद्री गरुड पाण्यावर नुसता वाकल्यासारखा झाला आणि वर गेला तेव्हा त्याच्या पायात मासा होता. माणसाचं घर नाही, धूर नाही, कुत्रं भुंकत नाही.

रबराच्या लहान होडीतून आम्ही वाळूवर उतरलो. उतरलो तर समोर पाण्यापासून झाडांपर्यंत ट्रॅक्टरच्या चाकाचे माग.

“तू तं म्हणे इथी माणूस नाही,” मी म्हणालो. “हा ट्रॅक्टर कोणी आणला?”

पोर हसली. “कासव आहे नाना. रात्री अंडी घालायला मादी वर आली आणि परत गेली.”

मी माग पायानं मापला. माझ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाहून रुंद. ज्या कासवाला मी देवळापुढं दगडात कोरलेलं बघतो, ते एवढं असतं आणि रात्री वाळू नांगरून जातं, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळत होतं. वाळूत शंख चालत होते. शंखाच्या आत खेकडा घर करून राहतो आणि अंग वाढलं की मोठ्या शंखात बिऱ्हाड हलवतो, असं ती म्हणाली. मी प्रत्येक पाऊल बघून टाकत होतो, न जाणो कुणाच्या घरावर पाय पडायचा.

ओढ्याच्या काठानं आम्ही आत गेलो. कप्तान मागून. आत ऊन नव्हतं. झाडांची मुळं भिंतीसारखी जमिनीतून वर आलेली, माझ्या डोक्यापेक्षा उंच. कुणीतरी सारखं बोलत होतं, पाखरं, किडे, बेडूक, आणि आम्ही जवळ गेलो की तेवढा तुकडा गप्प व्हायचा. आमचं देवळात जसं होतं तसं माझं झालं, आवाज आपोआप खाली गेला.

आणि मग एका वळणावर, ओढ्याच्या उतारावर, केळी.

मी ओळखणार नाही असं होणार नाही. पण अशी केळी मी पाहिली नव्हती. खांब ताडासारखे उंच, सडपातळ, काळसर. एकाला एक लागून दाटी. कोणी अंतर मोजलेलं नाही, पील कापलेलं नाही, वाळलेली पानं काढलेली नाहीत, माल धरलेल्या खांबाला टेकू नाही. माझी बाग अशी असती तर मी गावात तोंड दाखवलं नसतं. माझा हात सवयीनं एका लोंबत्या वाळक्या पानाकडं गेला. ते ओढून टाकायचं, एवढंच.

पोरीनं माझं मनगट धरलं. “नाना, थांबा. वाकून बघा.”

मी वाकलो. वाळक्या पानाच्या सुरळीत, आत, अंगठ्याएवढं एक वटवाघूळ पंखात अंग गुंडाळून झोपलं होतं. तान्ह्या पोराला दुपट्यात गुंडाळतात तसं. त्यानं एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि परत मिटला. मी आयुष्यभर बागेतली वाळकी पानं काढली आहेत. कुणाचं छप्पर असेल असं एकदाही वाटलं नाही.

मी तिथून मागं झालो आणि एका खडकावर हात टेकला. खडकावर काळे, हरभऱ्याहून लहान, कडक दाणे पडले होते. मी एक उचलला. म्हणालो, “हेच का तुझं बी? हे तं खडे आहेत.” आणि खरं की खोटं बघायला दाताखाली धरला. धान्य पारखायला आम्ही असंच करतो.

“नाना! थुंका! आधी थुंका!” पोर एवढ्यानं ओरडली की रान गप्प झालं. तिनं माझी मान खाली दाबली आणि बाटलीभर पाण्यानं माझं तोंड धुवायला लावलं, तीनदा, माझा लहानपणीचा मास्तर धुवायला लावायचा तसं. “काहीही तोंडात घालता! ते वटवाघळानं टाकलेलं आहे!”

“टाकलेलं म्हणजे?”

ती माझ्याकडं बघत राहिली. मागं कप्तानानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

“म्हणजे खाऊन टाकलेलं, नाना. पोटातून.”

आधी ती हसली, मग कप्तान, आणि मग खडकावर बसून मीही. पोर हसता हसता डोळे पुसत होती. दिवाळीला ती हसायची ते वेगळं होतं. हे हसणं मी ती फ्रॉक घालायची तेव्हा ऐकलं होतं.

झाडावरचं काही तोडायचं नव्हतं. पण खाली पाल्यात एक केळं पडलेलं होतं, एका बाजूनं कुरतडलेलं. तिनं हातमोजे घातले, मलाही दिले, आणि ते माझ्या हातात ठेवलं. “तुम्हीच फोडा.”

बोटाएवढं लांब, तिनं फोटोत धरलं होतं तसंच बुटकं. मी साल सोलली. आत पिवळसर गर नावालाच, आणि गरात तीन ओळींनी काळ्या बिया, एकाला एक चिकटून, मक्याच्या कणसासारख्या भरलेल्या. कुणी कोंबलेल्या नव्हत्या. एकेक बी आपापल्या धाग्यानं आत लागलेलं होतं. मी नखानं एक सुटं केलं. मग दुसरं. मग तिसरं. मला वाटतं मी सगळ्याच सुट्या केल्या.

पोर गुडघ्यावर बसली होती आणि केळ्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

“ही मग लावतं कोण?” मी विचारलं.

“संध्याकाळी दाखवते.”

अंधार पडायच्या आत बेट सोडायचं असा नियम होता, त्यामुळं आम्ही ऊन उतरेपर्यंत तिथंच बसलो. केळीच्या घडाच्या टोकाला जे लाल कमळ लोंबतं, ते आम्ही कापून टाकतो. फळ धरून झालं की त्याचा उपयोग नाही, उगीच घडाचा रस खातं. बाग करायला लागल्यापासून मी कमळं कापत आलो आहे, माझा विळा न बघता तिथं जातो. ऊन सोनेरी झालं तेव्हा समोरच्या कमळाची एक पाकळी हळूच वर उचलली गेली, कुणी पापणी उघडावी तशी. खाली फुलांची ओळ. आणि कुठून तरी एक चिमुकलं वटवाघूळ आलं, कमळाला लोंबकळलं, लांब जीभ काढून रस प्यालं आणि गेलं. त्याचं तोंड परागानं पिवळं झालं होतं. ते शेजारच्या खांबाच्या फुलांवर गेलं. मग दुसरं आलं.

“लग्न लावतात ते,” पोर हळू आवाजात म्हणाली. “आणि ते बघा, ते पेरणारे.”

समोरच्या लहान बेटावरून आभाळात काळा धूर उठला. धूर नव्हता, ती मोठी वटवाघळं होती, कावळ्याहून मोठी, शेकड्यांनी. न ओरडता, न घाई करता, बाग खुडायला मजूर ओळीनं निघावेत तशी ती आमच्या डोक्यावरून रानात गेली. त्यांच्या पंखांचा वारा तोंडाला लागत होता. लाल आभाळ त्यांच्या पातळ पंखांतून दिसत होतं. फळ खायचं, लांब जायचं, बी टाकायचं. डोंगरभर ही बाग त्यांनी लावली होती. पाणी कुणी दिलं नाही, खत कुणी घातलं नाही, आणि ती माझ्या आजाच्या आजाच्या आधीपासून उभी होती. पाचवीच्या वयापासून मी समजत होतो की केळी म्हणजे आम्ही केलेली गोष्ट. मी टोपी काढली. ते मुद्दाम केलं नाही, हात गेला.

“आपली केळी पण आधी अशीच होती नाना,” ती म्हणाली. “कुणाला तरी कधी कमी बियांचं झाड सापडलं, त्यानं त्याचं पील लावलं. मग दुसऱ्यानं. तुमच्यासारख्याच कुणीतरी.”

परत निघताना मी त्या सुट्या केलेल्यातलं एक बी हातमोज्यात धरलं. “एवढं एक नेऊ दे. गावात दाखवाले.”

“इथून काहीच न्यायचं नसतं नाना. काडीसुद्धा नाही.”

“मंग मानील कोण?”

“कुणीच नाही मानणार,” ती म्हणाली. “फोटो तर तुम्हीच मानला नाही. तुम्ही काय पाहिलं ते तुम्हीच सांगायचं. किंवा नाही सांगायचं. मी काही बोलणार नाही.”

मी बी पाल्यात ठेवून दिलं.

परतीच्या वाटेवर मी दिवसभर शिडाच्या सावलीत बसून राहिलो. मनात एक गोष्ट येत होती ती लिहितो, कारण लिहायला बसलो तर तीही लिहिली पाहिजे. मनात येत होतं, नाही पाहिलं म्हणालो तर? तिथं तिघंच होतो. ओट्यावरचे दोघं अजून जिवंत आहेत, ते विचारतील, काय भाऊ, आलं का केळीला बी? आणि हो म्हटलं की चौघांसमोर बोललेला माणूस एकट्यानं खोटा पडेल. होडीच्या पुढं डॉल्फिन आले, सहा-सात, होडीशी शर्यत लावल्यासारखे, उड्या मारत, पाठी चकाकत. ते कुणासाठी करत होते? कुणी बघत नव्हतं तरी ते तेच करत असणार. मला माझ्या त्या विचाराची लाज वाटली.

संध्याकाळी कप्तान सुकाणूवर होता. म्हणाला, “चाचाजी, बीज मिला?”

पोर पुढं दोरी बांधत होती. तिचे हात थांबले. पाठ माझ्याकडं होती, पण कान इकडं होते, एवढं मला कळतं.

“मिला,” मी म्हणालो. मग वाटलं पुरेसं नाही, म्हणून मोठ्यानं म्हणालो, “पक्का बीज है. हमारी लडकी सच बोली.”

तिनं मागं पाहिलं नाही. पण गाठ बांधायला तिला फार वेळ लागला.

रिक्षा परत त्या निळ्या दारापुढं थांबली. दाराशी तोच चपलांचा एक जोड. व्हरांड्यात माझी फणी टांगलेली, पिवळी झालेली, सालीवर काळे ठिपके पडलेले, म्हणजे ऐन खाण्याजोगी. पोर कुलूप काढून आत गेली आणि मला म्हणाली, “थांबा तिथंच.” लांबून आलेल्या माणसावरून आमच्याकडं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. तिच्याकडं भाकरी कुठली? तिनं माझ्याच पिशवीतून तिच्या आईच्या हातची दशमी काढली, तुकडा मोडला, माझ्यावरून ओवाळला, पायावर पाणी घातलं. मी वाकून चपला काढल्या आणि तिच्या जोडाशेजारी ठेवल्या. मग उंबऱ्यावर पाय दिला आणि आत गेलो. नऊ वर्षं ज्याला लागली, ते एक पाऊल होतं.

मी फणीतून एक केळं तोडलं. सोललं, आणि तिला अर्धं द्यावं म्हणून मध्ये मोडलं. मोडलं आणि तसाच उभा राहिलो.

मधोमध काळे ठिपके. बारीक, टाचणीच्या टोकाएवढे, तीन ओळींनी. त्या रानातल्या केळ्यात बिया होत्या त्याच जागी, त्याच तीन ओळी. जन्मभर मी केळी खात आलो, लोकांना खाऊ घालत आलो. हे ठिपके मी रोज पाहिले होते. कधी विचारलं नव्हतं, हे काय आहे म्हणून.

“हे...” मी म्हणालो आणि तिच्यापुढं धरलं.

“हो नाना. तेच. मोठं व्हायचं राहिलेलं.”

मी तिला अर्धं दिलं. तिनं ते आधी डोळ्यांना लावलं, प्रसादासारखं, आणि मग खाल्लं. पहिला घास तिनं चावलाच नाही, नुसता तोंडात धरून उभी राहिली. मग उरलेलं एका दमात संपवलं, आणि स्वतःच उठून फणीतून दुसरं तोडलं.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. रावेरहून तिची आई. मी उचलला.

“पोहचनात का? पोर कोठे शे?”

“इथीच आहे. समोर. घरातच आहोत.”

“मंग तिले द्या ना फोन.”

“तिले बोलता येत नाही,” मी म्हणालो. “तोंडात केळं आहे.”